नवा टीव्ही: सिनेमा सीरियलसारखा दिसतो, डायलॉग कळत नाहीत आणि आता स्क्रीनवर रेघा

तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. महिन्यापूर्वी जुना टीव्ही काढून मोठा फोरके सेट आणलात, पहिल्याच रात्री आवडता जुना सिनेमा लावलात तर तो सिनेमा वाटेचना, कुणीतरी घरातल्या कॅमेऱ्याने शूट केल्यासारखा दिसायला लागला. रात्रीचे सीन आले की नुसता काळोख. डायलॉग ऐकू यावेत म्हणून आवाज ४० वर न्यायचा आणि मारामारी सुरू झाली की रिमोट शोधत धावायचं, बाबांना तर वाटायला लागलंय की आपले कानच गेले. सर्व्हिसचा माणूस आला, दहा मिनिटं बघून 'सेट ओके' लिहून गेला. आणि परवा स्क्रीनवर स्प्रे मारून पुसलीत, काल सकाळपासून डाव्या बाजूला खालून वर दोन उभ्या रेघा दिसतायत.

मी बावीस वर्षं टीव्ही दुरुस्तीत आहे, पिक्चर ट्यूबच्या सेटपासून. तुमच्या पहिल्या तीन तक्रारींसाठी सेट उघडायची गरजच नाही, ते सगळं रिमोटवर होतं. पण रेघांचं थांबण्यासारखं नाही म्हणून आधी तेच सांगतो.

टीव्ही आत्ता बंद करा, आणि रिमोटने नको, प्लग काढून. रिमोटने बंद केलेला सेट आतून बंद नसतो, स्टँडबायला वीज चालू असते, आणि ओलावा आणि वीज एकत्र आले की तांब्याच्या बारीक वाटा गंजायला लागतात. हे का होतं ते समजून घ्या म्हणजे पुन्हा होणार नाही. स्क्रीनवर स्प्रे मारला की थेंब ओघळून खालच्या पट्टीपाशी येतो, आणि काच आणि पट्टी यांच्यातली फट त्याला आत ओढून घेते. बऱ्याचशा एलसीडी सेटमधे नेमक्या त्याच कडेला पॅनलच्या काचेवर पातळ, पिवळट, फिल्मसारख्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या प्रत्येकीवर एक चिप, आणि त्या चिपमधून काचेवर जाणाऱ्या शेकडो वाटा, केसाहूनही बारीक. एकेक वाट स्क्रीनवरच्या एकेका उभ्या ओळीला सिग्नल देते. तिथे ओल गेली की एक वाट जाते, म्हणजे एक रेघ. मग शेजारची. असा एक सेट मी उघडला होता, खालची पट्टी काढल्यावर भिंगातून बघितलं तर त्या फिल्मच्या कडेला नखाएवढ्या जागेत हिरवट बुरशीसारखा थर जमला होता, तो गंज होता, आणि नेमक्या तेवढ्याच रुंदीचा पट्टा वर स्क्रीनवर मेलेला होता. त्या घरी रोज सकाळी काच पुसायच्या लिक्विडने टीव्ही पुसायचे. चांगली सवय म्हणूनच करत होते बिचारे, कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

तर प्लग काढा, सेट उभाच ठेवा, आडवा करू नका कारण आडवा केला की ते पाणी पॅनलच्या आत पसरतं. हेअर ड्रायर अजिबात लावू नका, गरम हवेने आतले प्लॅस्टिकचे थर वाकतात आणि डाग कायमचा बसतो. पंख्याखाली दोन दिवस तसाच राहू द्या. नुसतीच ओल असेल आणि गंज धरला नसेल तर रेघा जातात, मी जाताना पाहिल्यात. दोन दिवसांनीही राहिल्या तर मग मात्र पॅनलचं काम आहे आणि ते खरं सांगतो, सेटच्या किमतीतला सगळ्यात मोठा भाग पॅनलच असतो, आणि आत पाणी गेलेलं साधारणपणे वॉरंटीत बसत नाही. काही दुकानांत त्या फिल्म बदलून देणारं मशीन असतं, पण तो उपाय प्रत्येक पॅनलवर टिकत नाही, त्यामुळे आधी विचारा की किती दिवसांची खात्री लेखी देणार.

पुढे पुसायचं असेल तर टीव्ही बंद आणि गार असताना, कोरड्या मायक्रोफायबरने, दाब न देता. नाहीच निघाला डाग तर कापडाचं टोक डिस्टिल्ड पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं, इतकं की हाताला ओल लागेल पण थेंब सुटणार नाही. अमोनिया किंवा अल्कोहोल असलेलं काच पुसायचं लिक्विड नकोच, स्क्रीनवर चकाकी कमी करणारा जो थर असतो तो त्याने उतरतो आणि मग ढगासारखे पट्टे कायम दिसत राहतात.

आता सिनेमा सीरियलसारखा का दिसतो ते.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमवर, म्हणजे २४ स्थिर चित्रांवर, शूट होतो. १९२० च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले तेव्हा हा वेग पक्का झाला, कारण त्याआधी फिल्म फिरवायचा वेग कमीजास्त होत असे, चित्राला ते चालून जायचं पण आवाज मात्र लगेच बिघडायचा. तेव्हापासून आपल्या डोळ्यांना सिनेमाची हालचाल म्हणजे तीच, किंचित धूसर, किंचित अडखळती, स्वप्नासारखी. टीव्हीच्या मालिका, बातम्या, मॅच हे सगळं व्हिडिओ कॅमेऱ्यावर सेकंदाला ५० किंवा ६० वेळा टिपलं जायचं म्हणून ते गुळगुळीत आणि 'आत्ता समोर चाललंय' असं दिसायचं. तुमचा नवा टीव्ही सिनेमाच्या दोन खऱ्या फ्रेममधे स्वतः हिशोब करून खोट्या फ्रेम घुसवतो आणि २४ चे ६० किंवा १२० करतो. हिरो हात इथून तिथे नेतो, मधली जागा कॅमेऱ्याने टिपलेलीच नाही, टीव्हीने ती कल्पनेने भरली. म्हणून तुमचा सिनेमा एकदम मालिकेसारखा झाला. याला इंग्रजीतही सोप ऑपेरा इफेक्टच म्हणतात. नीट बघितलंत तर पळणाऱ्या माणसाच्या पायाभोवती किंवा फिरणाऱ्या पंख्याच्या पात्यांभोवती एक थरथरणारी वितळल्यासारखी कड दिसेल, तिथे टीव्हीचा अंदाज चुकलेला असतो.

हे तुम्हालाच खटकतंय असं नाही. २०१८ च्या डिसेंबरात टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅकक्वॉरी यांनी खास व्हिडिओ करून लोकांना सांगितलं की घरी सिनेमा बघताना हे बंद करा. आणि २०१९ मधे फिल्ममेकर मोड नावाचा एक सेटिंग जाहीर झाला, त्यात हे सगळं एका बटणात बंद होतं. तुमच्या मेनूमधे पिक्चर मोडच्या यादीत फिल्ममेकर असेल तर तो निवडा आणि तुमचं निम्मं काम झालं. नसेल तर सिनेमा किंवा मूव्ही मोड घ्या, आणि मग हालचालीचं सेटिंग वेगळं शोधा, कारण सिनेमा मोडमधेही काही सेटवर ते अर्धवट चालू असतं. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय हाच मुख्य ताप. सॅमसंगमधे पिक्चर क्लॅरिटी आणि जुन्या सेटमधे ऑटो मोशन प्लस, एलजीमधे ट्रूमोशन, सोनीमधे मोशनफ्लो, पॅनासॉनिकमधे इंटेलिजंट फ्रेम क्रिएशन. मेनूमधे 'मोशन' किंवा 'स्मूथ' शब्द दिसला की तिथे आत शिरायचं.

पूर्ण बंद करा असं मी सरसकट सांगत नाही. ओएलईडी सेट (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) असेल तर त्याचे पिक्सेल इतके झटकन बदलतात की २४ फ्रेमचा सिनेमा कॅमेरा आडवा फिरताना फारच अडखळतो, डोकं दुखतं काहींचं. त्यांनी त्याच हालचालीच्या सेटिंगमधे कस्टम निवडून डी-जडर, म्हणजे अडखळणं कमी करणारा आकडा, १ किंवा २ वर ठेवावं, शून्य नाही आणि ५ पण नाही. आणि ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा, साधा सेट असेल तर २४ ने ६० ला भाग जात नाही, एक फ्रेम तीनदा दाखवायची पुढची दोनदा, असं करावं लागतं, त्यामुळे थोडा धक्का राहणारच. १२० हर्ट्झच्या सेटवर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा येते म्हणून तिथे सिनेमा शांत वाटतो. मॅच बघताना मात्र हे सेटिंग चालू ठेवलं तरी माझी काही हरकत नाही, चेंडू स्पष्ट दिसतो, आणि मॅच खरी असल्यासारखी दिसावी हीच तर इच्छा असते.

यामागची मूळ गोष्ट सांगतो कारण बाकीच्या तक्रारीही तिथूनच येतात. टीव्ही पेटीतून निघतो तो बहुतेक वेळा दुकानासाठी लावलेला असतो, तुमच्या खोलीसाठी नाही. शोरूममधे डोक्यावर प्रखर दिवे, शेजारी अजून तीस सेट, गिऱ्हाईक प्रत्येकासमोर काही सेकंद थांबतो. तिथे जो जास्त निळा, जास्त झगझगीत, जास्त गुळगुळीत तोच नजरेत भरतो. म्हणून व्हिव्हिड किंवा डायनॅमिक मोडमधे पांढरा रंग निळसर केलेला असतो. स्टुडिओत सिनेमाचा रंग ठरवताना पांढरा म्हणजे साधारण ६५०० केल्विन धरतात (केल्विन हे पांढऱ्याच्या छटेचं माप, आकडा वाढला की निळसर), तो आधी तुम्हाला पिवळट वाटेल. चार दिवस तसाच ठेवा, डोळे बसतात, मग जुना मोड लावलात तर सगळ्यांचे चेहरे निळे दिसतील. कलर टेंपरेचर वॉर्म वर, आणि शार्पनेस खाली. शार्पनेस वाढवल्याने बारकावे वाढत नाहीत, नुसती कडेला पांढरी रेघ ओढली जाते. फक्त काही सेटवर, सोनीत उदाहरणार्थ, तटस्थ आकडा शून्य नसून ५० असतो, तिथे शून्य केलंत तर चित्र पुसट होईल.

काळोखाचं बघू. सगळ्यात आधी एनर्जी सेव्हिंग, इको, खोलीच्या उजेडाप्रमाणे ब्राइटनेस बदलणारा सेन्सर, हे बंद करा. रात्री दिवा मालवून सिनेमा लावला की सेन्सरला वाटतं अंधार झाला, आता कमी उजेड पुरे, आणि नेमका तेव्हाच काळोखाचा सीन असतो. माझ्याकडे 'टीव्ही डिम झालाय' म्हणून जितके फोन येतात त्यातले कितीतरी इथेच संपतात.

ते करूनही काळोख असेल तर एचडीआर बघा, म्हणजे जास्त उजेड आणि जास्त काळोख दोन्ही दाखवायला बनवलेलं चित्र. पेटीवर एचडीआर लिहिलेलं असतं म्हणून आपण खूश होतो. साध्या चित्राचा मूळ मापदंड १०० निट (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) उजेडाचा आहे, एचडीआर सिनेमा बऱ्याचदा १००० निटपर्यंत जाणारा बनवलेला असतो, कधी ४००० पर्यंत. स्वस्त सेट ३०० च्या आसपास दम टाकतो. मग तो काय करतो, वरचा उजेड मावावा म्हणून सगळंच खाली दाबतो आणि जे आधीच अंधारात होतं ते नाहीसं होतं. अशा सेटवर डायनॅमिक टोन मॅपिंग (सीनप्रमाणे उजेड जुळवून घेणारा) असा पर्याय असेल तर चालू करा, डॉल्बी व्हिजन, म्हणजे एचडीआरचाच एक प्रकार, असेल तर त्यात डार्क आणि ब्राइट असे दोन सिनेमा मोड असतात त्यातला ब्राइट घ्या. आणि हे फार लोकांना माहीत नसतं म्हणून ठासून सांगतो: साधं चित्र, एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन यांची सेटिंग टीव्ही वेगवेगळी साठवतो. दुपारी चॅनेल लावून तुम्ही सगळं नीट केलंत आणि रात्री ॲपवर एचडीआर सिनेमा लावलात तर तिथे परत कंपनीचंच सेटिंग असणार. म्हणून त्या त्या प्रकारचा सिनेमा चालू ठेवून, पॉज करून, तेव्हाच मेनूमधे जायचं. एचडीएमआयच्या प्रत्येक पोर्टचंही कित्येक सेटवर वेगळं असतं.

बनवणाऱ्यांचाही हात असतो यात. २०१९ मधे गेम ऑफ थ्रोन्स या इंग्रजी मालिकेच्या रात्रीच्या लढाईचा भाग आला तेव्हा जगभरच्या लोकांनी हीच तक्रार केली की काही दिसलं नाही, आणि त्या भागाचे कॅमेरामन फॅबियन वॅग्नर यांचं म्हणणं पडलं की दोष बऱ्याच अंशी लोकांच्या टीव्हीच्या सेटिंगचा आहे. त्यांचं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की तोच भाग घरी नेटवरून येताना प्रचंड दाबून पाठवलेला असतो, आणि दाबताना सगळ्यात आधी काळोखातले बारकावे टाकून देतात, म्हणून धुरात आणि आकाशात ते चौकोन चौकोन दिसतात. माझं स्पष्ट मत आहे की घरी बघायच्या गोष्टीचं शेवटचं तपासणं एकदा तरी साध्या टीव्हीवर, दिवा लावलेल्या खोलीत व्हायला पाहिजे. प्रेक्षक तिथेच बसलेला असतो. तुमच्याकडून एवढं करा की टीव्हीच्या बरोबर समोर खिडकी किंवा दिवा नको, आणि मागे भिंतीवर एक मंद दिवा ठेवा, डोळ्यावरचा ताण खूप कमी होतो आणि काळा अजून काळा वाटतो.

आवाज. मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं, कारण यात माणसं स्वतःला दोष देतात. तुमचे बाबा म्हणतात कान गेले. एका आजींनी तर सहा महिने सिनेमा बघणंच सोडलं होतं, मुलाला वाटलं आईचं लक्ष उडालंय. त्यांच्या टीव्हीत मी दोन सेटिंग बदलली आणि त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या, मधेच म्हणाल्या, 'अगं बाई, ही असं म्हणत होती होय!' चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना तसं कानाचं झालंय.

चोर कुठे आहे ते बघा. जुन्या ट्यूबच्या सेटचे स्पीकर पुढे तोंड करून असायचे आणि मागे लाकडाचा किंवा जाड प्लॅस्टिकचा डबा. आताच्या पातळ सेटला जागाच नाही, स्पीकर चपटे आणि खाली किंवा मागे तोंड केलेले, आवाज भिंतीवर आपटून तुमच्याकडे येतो. त्यात सिनेमाचा आवाज ५.१ मधे मिक्स केलेला असतो, पाच बाजूंचे स्पीकर आणि एक जड आवाजाचा, आणि डायलॉग जवळजवळ सगळा मधल्या सेंटर स्पीकरसाठी असतो. तुमच्याकडे सेंटर नाही, दोनच स्पीकर. मग टीव्ही त्या मधल्याला दोन्हीकडे वाटतो आणि त्याच दोन स्पीकरमधे पार्श्वसंगीत, पाऊस, गाड्या, सगळं कोंबतो. डायलॉग त्या गर्दीत हरवतो. शिवाय डायलॉगची पातळी मुद्दामच खाली ठेवलेली असते म्हणजे स्फोटाला वर जागा उरते. नेटफ्लिक्सच्या नियमात डायलॉग सरासरी उणे २७ डेसिबलच्या आसपास ठेवायचा (शून्य म्हणजे आवाजाची कमाल मर्यादा) आणि आवाजाचं टोक उणे २ पर्यंत जाऊ शकतं, म्हणजे मधे २५ डेसिबलची दरी. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, त्यावरून बघा. युरोपातल्या चॅनेलवाल्यांचा मापदंड उणे २३ चा आहे, मोजायची पद्धत थोडी वेगळी आहे पण चॅनेलवरून ॲपवर गेलं की आवाज का वाढवावा लागतो ते यातून कळेल. आणि जाहिराती मोठ्या वाटतात त्या टोकाला मोठ्या नसतात, त्यांच्यात हळू असं काही ठेवलेलंच नसतं, सगळं दाबून एका उंचीवर आणलेलं असतं.

आता काय करायचं. ॲपमधे सिनेमा चालू असताना भाषा निवडायच्या जागी जा, तिथे एकाच भाषेपुढे ५.१ लिहिलेला आणि नुसता किंवा स्टिरिओ लिहिलेला असे दोन पर्याय असतात, नुसता घ्या. बाहेर साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, नसताना टीव्हीत किंवा सेट टॉप बॉक्समधे आवाजाचं आउटपुट पीसीएम किंवा स्टिरिओ करा. मग साउंड मोडमधला सराउंड, थ्रीडी, व्हर्च्युअल, जे काही भव्य नाव असेल ते बंद, कारण ते मधला आवाजच पसरवून टाकतं. क्लिअर व्हॉइस, स्पीच किंवा डायलॉग असं नाव असलेला मोड चालू. रात्री बघत असाल तर नाइट मोड किंवा ऑटो व्हॉल्यूम, त्याने हळू वर येतं आणि मोठं खाली जातं, मारामारीला रिमोट शोधायची वेळ येत नाही. प्राइम व्हिडिओवर २०२३ पासून काही सिनेमांना डायलॉग बूस्ट आहे, तोही भाषेच्या जागीच मिळतो. शेवटी इक्वलायझर, म्हणजे जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमीजास्त करायच्या पट्ट्या, असेल तर खालची टोकं, म्हणजे बास, दोनतीन घरं कमी आणि २ ते ४ किलोहर्ट्झचा भाग थोडा वर. स, श, त, क, फ यांची ओळख त्याच वरच्या भागात असते, आणि वयाबरोबर ऐकू येणं आधी वरच्याच टोकाकडून कमी होतं. स्वर ऐकू येतात म्हणून आवाज आला असं वाटतं, पण शब्द कळत नाही. बाबांची तक्रार बरोबर हीच असणार. समोर बसून बोलतानाही ते 'काय?' म्हणत असतील तर मात्र एकदा कान तपासून घ्या, ते टीव्हीवर ढकलू नका.

खोली पण बघा. समोर काच, खाली उघडी फरशी, भिंती मोकळ्या असतील तर शब्द घुमतो. जाड पडदा आणि जमिनीवर सतरंजी एवढ्यानेही फरक पडतो. टीव्ही भिंतीतल्या कोनाड्यात बसवला असेल तर खाली तोंड असलेल्या स्पीकरला श्वास घ्यायला जागाच नाही, चार बोटं तरी पुढे घ्या. एवढं सगळं करूनही समाधान नसेल तरच साउंडबारचा विचार करा, आणि घेतलात तर ज्यात खरा वेगळा सेंटर स्पीकर आहे तो घ्या, डब्यावर ३.१ किंवा त्याहून पुढचा आकडा असतो. जड आवाजाचा मोठा डबा सोबत मिळतो म्हणून २.१ घेतलात तर आगीतून फुफाट्यात, धमाके वाढतील, डायलॉग तिथेच. जोडताना ब्लूटूथने नको, एचडीएमआयच्या एआरसी लिहिलेल्या पोर्टला जोडा, टीव्हीचा आवाज बाहेर त्यातूनच जातो. ब्लूटूथला उशीर होतो आणि ओठ आधी हलतात. आवाज थोडा मागे राहिला तर मेंदू खपवून घेतो, वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर येतो याची त्याला सवय आहे, पण आवाज ओठांच्या आधी आला तर साधारण ४५ मिलिसेकंदातच खटकतं, उलट बाजूला १२५ पर्यंत चालून जातं. मेनूमधे ऑडिओ डिले किंवा लिप सिंक असतं, तिथे नीट जुळवा.

राहिला तो 'सेट ओके' लिहून गेलेला माणूस. त्याच्यावर फार रागावू नका, त्याला दिवसाला ठराविक घरं करायची असतात आणि सेटिंग समजावणं त्याच्या कामाच्या कागदावर नसतं. पण तुम्ही चिडलात ते बरोबर आहे, एवढे पैसे देऊन आणलेली वस्तू घरी लावून देताना वीस मिनिटं कुणीतरी बसायला हवं होतं. पुढच्या वेळी खरा दोष आणि सेटिंग वेगळं कसं ओळखायचं ते सांगून ठेवतो. चित्रात काहीही बिघाड दिसला, रेघ, ठिपका, रंगाचा पट्टा, की टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. बिघाड मेनूवरूनही जात असेल तर दोष टीव्हीचा, पॅनल किंवा आतलं बोर्ड. मेनू स्वच्छ आणि मागचं चित्रच खराब असेल तर दोष बाहेरून येणाऱ्या सिग्नलचा, केबल, बॉक्स किंवा नेट. हे फोनवर सांगितलंत की समोरचा माणूस बोलणं वेगळं ऐकतो. मोबाईलवर व्हिडिओ काढा, मॉडेल आणि सिरीयल नंबरचा फोटो काढा, तक्रारीचा नंबर घ्या. नुसतं 'ओके' लिहिलेल्या कागदावर सही करू नका, खाली आपल्या हाताने लिहा की तक्रार काय होती आणि ती तशीच आहे. नवीन सेट आल्यावर परत घ्यायची मुदत असते त्यातच एकदा पूर्ण करडा आणि पूर्ण काळा पडदा लावून बघावं, काळपट ठिगळं, कडेने झिरपणारा उजेड, न विझणारा ठिपका तेव्हाच कळतो. आता महिना झालाय तरी बघून ठेवा, वॉरंटी चालू आहे. एकदोन ठिपक्यांना मात्र बऱ्याच कंपन्या दोष मानत नाहीत, किती ठिपके चालतात ते त्यांनी आधीच ठरवलेलं असतं, ते लेखी मागा.

आणि रेघांबद्दल त्यांना फोन कराल तेव्हा स्प्रे मारला होता हे लपवू नका. सेट उघडल्यावर ते दिसतंच, आणि एकदा खोटं पकडलं की दुसऱ्या खऱ्या तक्रारीलाही कुणी उभं करत नाही.

दोन दिवस वाळवून चालू केल्यावर रेघा गेल्या असतील तर मगच वरची सेटिंग करायला बसा, बाबांना शेजारी घ्या, त्यांच्या ओळखीचा सिनेमा लावा आणि डायलॉग त्यांना कळतोय का ते विचारत विचारत एकेक बदला, एकदम पाच गोष्टी बदलल्यात तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. झालं की प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. टीव्ही रात्री आपणहून अपडेट घेतो आणि कधीकधी सगळं परत कंपनीच्या मूळ सेटिंगवर जातं, तेव्हा फोटो बघून दहा मिनिटांत परत लावता येतं. रेघांचं काय झालं ते मात्र नक्की कळवा, एक राहिली, दोन्ही राहिल्या की अजून वाढल्या, त्यावरून पुढचं सांगता येईल.